हयात, तक्रार नाही

२ जानेवारी, गुरुवार

ही वही हिनं दिली. "माझ्या वजनाच्या वहीत तू पुष्कळ लिहिलंस, आता यात स्वतःबद्दल लिही," म्हणाली. मी म्हटलं, माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काय आहे? तर म्हणाली, "तेच शोध." चौदा वर्षं मी दर रविवारी हिचं वजन लिहून ठेवतो, त्याच्यावरचा हा टोमणा. टोमणे मारण्याइतकी तब्येत चांगली आहे, यातच समाधान मानायचं.

तर स्वतःबद्दल. वय पंचावन्न. कॅन्सर नोंदणी कार्यालयात संख्याशास्त्रज्ञ. आमच्या हद्दीत ज्यांना कधी ना कधी कॅन्सर झाला आणि जे आज हयात आहेत, ते एकूण किती, हे मी सांगतो. ऐकायला सोपं वाटतं. निदान झालं की इस्पितळ कळवतं, माणूस गेला की मृत्यूची नोंद येते. पण मधल्या काळात तो आहे की नाही, हे कोण कळवणार? "मी अजून आहे बरं का" असं सांगायला कुणी आमच्या कार्यालयाची पायरी चढत नाही. माझी नोकरी त्या मधल्या काळाचा अंदाज करण्यात गेली.

काल सुटी असूनही ऑफिसात जाऊन हिची नोंद भरून आलो. दर एक जानेवारीला भरतो. "हयात, तक्रार नाही. माहितीचा स्रोत: नातेवाईक." ते लिहिल्याशिवाय नवं वर्ष लागलं असं मला वाटतच नाही.

९ जानेवारी

संचालक बाईंनी बैठक घेतली. त्यांना या वर्षी दोन आकडे हवेत. पहिला नेहमीचा, कधीही निदान झालेले आणि आज हयात असलेले सगळे. तो तयार आहे, एकवीस हजार चारशे सदतीस. दुसरा आकडा म्हणजे त्यातले अजून खरोखर आजारी किती. उरलेले बरे झालेले धरायचे. बरा झालेला कोण, तर ज्याचा मरण्याचा धोका त्याच्या वयाच्या इतर कुणाही माणसाइतकाच उरलाय तो.

मी म्हटलं, "बाई, आपल्याकडे बरे झालेल्यांचा रकाना नाही. हयात आणि मृत, दोनच आहेत."

"म्हणूनच सांगतेय," बाई म्हणाल्या. "नव्या पेशंटला इस्पितळात पहिली तारीख सात आठवड्यांनी मिळते. आणि बाकांवर कोण बसलेलं असतं? दहा-दहा वर्षांपूर्वी बरे झालेले, नुसतं एकदा दाखवून जाऊ म्हणून आलेले. ते किती आहेत ते कळलं तर मला दोन दिवस नव्या लोकांसाठी मोकळे करून मागता येतील."

काम दिलं नव्या मुलीला. तिला लागून तीन महिने झालेत. कुठलाही आकडा आला की एका दशांश स्थळापर्यंत लिहून मोकळी होते, म्हणून मी मनातल्या मनात तिला दशांश म्हणतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कुणाला "बरा" म्हणायची जबाबदारी या पोरीनं घ्यावी आणि बाईंनी ती द्यावी!

१९ जानेवारी, रविवार

वजन एकसष्ट किलो आठशे. डिसेंबरपासून दीड किलो कमी. जेवण जातं ना? पोटात दुखतं का? आतड्याचा आजार असाच चोरपावलांनी येतो.

"अरे, रोज तासभर चालते म्हणून कमी झालं," म्हणाली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

शाळेतून घरी पायी येते म्हणे. ही विज्ञान शिकवते, शाळा पाच किलोमीटर लांब. नवे बूट कशाला आणले ते आज कळलं. तरी मी वहीत वजनापुढे प्रश्नचिन्ह घातलं आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वार्षिक तपासणीचा दिवस. नेहमीप्रमाणे इस्पितळाच्या दारात सोडलं. "आत कशाला येतोस, गाडी लावायला जागा मिळत नाही, जा तू," असं ही अलीकडे दर वर्षी म्हणते आणि मी दर वर्षी थोडा वाद घालून जातो.

संध्याकाळी विचारलं. "सगळं ठीक." कागद? "कागदाची गरज नाही म्हणाले." हे डॉक्टर हल्ली फार आळशी झालेत. येताना ही केस कापून आली, चांगले खांद्यापर्यंत. एवढ्या ताणात हिला केस कापायचं सुचतं कसं, याचं मला कौतुक वाटलं. माझ्या पोटात दिवसभर अन्नाचा कण गेला नाही.

खोटं कशाला लिहू. आजाराचं ते पहिलं वर्ष मला अजून आठवतं, आणि नुसती भीती म्हणून आठवत नाही. ही एकोणचाळीस वर्षांची, लेक नऊ वर्षांची. मी रोज हिच्या उशाशी बसून वर्तमानपत्र वाचायचो, शब्दकोडं दोघं मिळून सोडवायचो. ही रडायची, मीही रडायचो. त्याच्याआधी आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. त्याच्यानंतरही नाही.

१३ फेब्रुवारी

दशांश यादी घेऊन आली. तिनं आमच्या नोंदी इस्पितळातल्या भेटींशी जुळवल्यात. यादीत नावं नसतात, नुसते क्रमांक.

"सर, एक नोंद फार विचित्र आहे. आतड्याचा कॅन्सर, बाई, आज वय त्रेपन्न. दर वर्षी एक जानेवारीला, म्हणजे चक्क सुटीच्या दिवशी, 'हयात, तक्रार नाही'. आणि इस्पितळात सहा वर्षांत एकदाही पाऊल ठेवलेलं नाही. मला वाटतं कुणीतरी घरबसल्या भरतंय."

"ती माझी बायको आहे," मी म्हटलं.

बिचारीनं जीभ चावली. पण मी चिडलो नव्हतो. उलट, लिहायला लाज वाटते, मला आनंद झाला. तिची अख्खी पद्धत इस्पितळाच्या भेटींवर उभी आहे. जे तपासणीला न जाता वर्षानुवर्षं हयात राहिले, त्यांच्यावरून किती वर्षांनी माणूस बरा धरायचा ते ती ठरवते. आणि इथे माझ्यासमोर एक बाई आहे जिला चौदाही वर्षं मी स्वतः इस्पितळात पोचवलंय. इस्पितळाच्या दप्तरात भेटी किती? आठ. पहिल्या आठ आहेत, पुढच्या सहा गायब. म्हणजे इस्पितळाचं दप्तर गळकं आहे!

१७ फेब्रुवारी

इस्पितळाच्या अभिलेख विभागाला पत्र टाकलं. भाषा जरा कडकच झाली. "आपल्या विभागाच्या अनास्थेमुळे" हे शब्द दशांशने गाळायला सांगितले. गाळले नाहीत.

एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, हे मी स्वतः किती जणांना शिकवलंय. पण इतर नोंदी मला कागदावरून ठाऊक असतात. ही मला डोळ्यांनी ठाऊक आहे.

२ मार्च, रविवार

वजन तेवढंच. ही आज दिवसभर मला कामं शिकवत होती. कपड्यांचं यंत्र कसं लावायचं, गॅसचा नंबर कुठे लावायचा, नळवाल्याला कुठल्या वेळी फोन केला तर तो उचलतो. सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. मी घाबरलो. माणूस अशी निरवानिरव कधी करतो? वहीत लिहिलं: "थकवा? घरकाम झेपत नसावं."

दुपारी लेकीचा फोन आला. ती परगावी नोकरी करते. दोघी दार लावून तासभर बोलत होत्या. विचारलं तर मायलेकी ताकास तूर लागू देत नाहीत. एक मोठी बॅगही आणलीय, लेकीसाठी म्हणे. लेकीकडे तीन बॅगा आहेत.

१० मार्च

बैठकीत माझा हिशेब मांडला. दशांशच्या मते अजून आजारी माणसं सात हजार दोनशे साठ पूर्णांक चार. (चार दशांश माणूस!) मी म्हटलं, भेटींच्या नोंदी चौदाला आठ या प्रमाणात गळतायत, त्या भरून काढल्या तर आकडा बारा हजार सातशेवर जातो. बरे झालेले म्हणून ज्यांना बाकावरून उठवायला निघालात, त्यातले हजारो खरे आजारी आहेत.

"सर, हे प्रमाण कशावरून काढलं?" दशांशने विचारलं. तिला माहीत होतं. तरी सगळ्यांसमोर तिनं नाव घेतलं नाही, एवढी तिची सभ्यता.

"एका पक्क्या माहितीवरून."

"इस्पितळाचं उत्तर येईपर्यंत थांबू," बाई म्हणाल्या. "पण बारा हजार लिहिलं तर नवे पेशंट सात आठवडेच थांबणार आहेत, एवढं लक्षात ठेवा."

१४ मार्च

पत्राचं उत्तर टपालानं आलं नाही. अभिलेख विभागातल्या काकांनी फोन करून बोलावलं. "पत्रात लिहिण्यासारखं नाही साहेब, येऊन बघा."

गेलो. निवृत्तीला आलेले गृहस्थ. माझ्या कडक भाषेचा राग दिसला नाही. टेबलावर सहा रजिस्टरं काढून ठेवली होती, त्यांच्या स्वतःच्या कपाळाला धूळ लागलेली. "कॉम्प्युटरवर माझाही विश्वास नाही. म्हणून हातानं बघितली, पानन् पान. ताई आलेल्या नाहीत."

मी म्हटलं, मी स्वतः दारात सोडतो.

"दारात सोडत असाल," काका हळूच म्हणाले.

मग त्यांनी आठव्या वर्षाचा कागद काढला. डॉक्टरांचं अक्षर. "आजार पूर्ण बरा. दर वर्षी येण्याची आवश्यकता नाही. पाच वर्षांनी एकदा दुर्बिणीची तपासणी, एरवी तक्रार असल्यासच यावे. रुग्णास समजावून सांगितले. पतीस समजावून सांगितले." खाली दोन सह्या. एक हिची. दुसरी माझी.

सही माझीच आहे. खालची रेघसुद्धा मी मारतो तशीच. मी तिथे होतो, ऐकलं, सही केली, आणि त्यातलं मला काही म्हणता काही आठवत नाही.

काकांनी पाणी दिलं. मी नक्कल मागितली. नियमात बसत नाही म्हणत त्यांनी दिली.

१६ मार्च, रविवार

सकाळी मी वजनकाटा काढला नाही, तेव्हाच हिच्या लक्षात आलं. "आज रविवार ना?" मी नक्कल टेबलावर ठेवली. हिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, माझ्या सहीसकट.

"कळलं तर."

"सहा वर्षं तू कुठे जायचीस?"

"मागच्या दारानं बाहेर. पहिल्या वर्षी पलीकडच्या हॉटेलात तीन तास चहा पीत बसले, तू उलटा येशील म्हणून जीव मुठीत धरून. दुसऱ्या वर्षी सिनेमा बघितला. गेल्या वर्षी त्याच दिवशी त्या दुर्बिणीच्या तपासणीला गेले होते, दुसऱ्या डॉक्टरांकडे, सगळं स्वच्छ होतं. मधली वर्षं वाचनालय. मुख्याध्यापकाच्या परीक्षेचा अभ्यास केला. आणि यंदा केस कापले आणि मुलाखत दिली."

"मला सांगायचंस ना."

"सांगितलं होतं रे. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर जिन्यातच सांगितलं, झालं बाबा, संपलं आता हे. तू म्हणालास, आठ वर्षांनंतर ज्यांचा आजार उलटतो त्यांची टक्केवारी काढून बघतो. आणि काढलीस. तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून लावलास. मी रोज साडी काढताना तो बघते."

लावला होता. अजून आहे.

"मला काळजी वाटायची," मी म्हटलं.

"माहीत आहे. त्या वर्षी तू जे केलंस ते मी जन्मात विसरणार नाही. पण तू त्या वर्षातून बाहेरच आला नाहीस. रोज सकाळी उठून तू माझ्याकडे असा बघतोस की मला आरशात जाऊन बघावंसं वाटतं, आपण बरे आहोत ना. वर्षातून एक दिवस असा मिळायचा की मला कुणी 'कशी आहेस' म्हणून विचारत नव्हतं. तो दिवस मला पाहिजे होता."

मग तिनं नोकरीचं सांगितलं. गाडीनं नऊ तासांवर एक शाळा आहे. मुख्याध्यापिका. राहायला दोन खोल्या देतात. एक मेपासून. लेकीला अर्ज केल्यापासून, म्हणजे जानेवारीपासून माहीत आहे.

यावर मी पहिला प्रश्न काय विचारावा? "तिथे चांगलं इस्पितळ आहे का?"

ही चिडली नाही, हसलीही नाही. उठून चहा ठेवायला गेली.

२५ मार्च

बैठकीत माझा हिशेब मागे घेतला. दप्तर गळकं नव्हतं, माझी माहिती चुकीची होती, असं सांगितलं. तोंडघशी पडण्याची भीती होती, पण बाई नुसतं "बरं" म्हणून पुढच्या विषयाकडे वळल्या आणि ते जास्त लागलं. दशांशची पद्धत मी तीन दिवस बसून तपासली. चांगली आहे. मी महिनाभर तिच्यात खोट शोधत होतो, ती खोट माझ्या घरातली होती. शेवटी सात हजार दोनशे साठ हा आकडा गेला. आतड्याच्या आजाराला तिनं नऊ वर्षांची मर्यादा धरलीय, त्यानंतर हयात असेल तो बरा.

बाहेर पडताना ती म्हणाली, "सर, ती नोंद. नियमानं बाहेरचा स्रोत लागेल, घरचा चालणार नाही. मी फोनच्या यादीत घालू का?"

घाल म्हटलं.

६ एप्रिल, रविवार

कपाटाचा तक्ता काढला. चिकटपट्टीबरोबर रंगही निघाला. ही म्हणाली, राहू दे, नंतर रंग देता येईल. नंतर म्हणजे कधी, कोण देणार, हे दोघांनीही विचारलं नाही.

२७ एप्रिल

गेली. स्टेशनवर लेकही आली होती, तिथून दोघी पुढे गेल्या. मी म्हटलं, "सुटीत येईन." ही म्हणाली, "ये. वजनकाटा आणू नकोस." गंमत म्हणून म्हणाली, मलाही हसू आलं. गाडी सुटल्यावर बाकावर बसलो तर उठवेना. माझ्यावर रागावून गेली असती तर समजूत तरी काढली असती. ती रागावलेली नाही. ती बरी आहे, आणि बऱ्या माणसाचं काय करायचं ते मला येत नाही.

५ मे, सोमवार

फोनवाल्या बाई माझ्या शेजारच्याच टेबलावर बसतात. ज्यांची तीन वर्षांत कुठून खबर नाही अशांना त्या रोज वीसेक फोन करतात. प्रश्न ठरलेले, सूर ठरलेला. आज साडेअकराला त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, बाहेर जाऊन येताय का जरा?" मी म्हटलं, नको, करा तुम्ही.

"नमस्कार ताई, नोंदणी कार्यालयातून बोलतेय. दोन मिनिटं आहेत का? तब्येत कशी आहे? ... वा. काही तक्रार? ... औषधं? ... नाही. बरं." पेन भराभरा चालत होतं. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण ही एकदा हसली असावी, कारण बाईही हसल्या.

"सध्याचा पत्ता सांगा." तो त्यांनी सावकाश लिहिला. "हा तात्पुरता का ताई, की कायमचा?" मग ऐकून एका चौकोनात खूण केली. कुठल्या, ते मला बसल्या जागेवरून दिसलं. कायमचा पत्ता हद्दीबाहेर गेला की माणूस आमच्या मोजणीतून जातो. यंदाच्या एकवीस हजारांत ही आहे, कारण एक जानेवारीला ती इथे होती. पुढच्या वर्षी नसेल.

"आणि शेवटचं. तुम्ही मिळाला नाहीत तर चौकशी कुणाकडे करायची? आत्ता आमच्याकडे मिस्टरांचा नंबर आहे." बाई थांबल्या. "बदलायचाय? हो हो, बदलता येतो की. मुलीचा? सांगा नंबर ... पाठ नाही होय." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. "साहेब, त्या म्हणतायत, तुम्हाला पाठ असेल."

मला पाठ आहे. मी दहा आकडे सांगितले, दोन-दोन करून. बाईंनी माझ्या नंबरावर आडवी रेघ मारली आणि त्याच्याखाली नवा लिहिला. मग पडताळा म्हणून त्यांनी तो मला वाचून दाखवला, आणि मी म्हटलं, बरोबर आहे.